जुनी ‘फर-फेल्ट’ हॅट घेताय? आधी कपाळपट्टी उलटून बघा

जुन्या फेल्ट हॅट (फर किंवा लोकर थापून केलेल्या जाड कापडाच्या) दुरुस्त करून त्यांना नवा आकार द्यायची हौस असलेल्या साताऱ्यातल्या एका गृहस्थांची नुकतीच 4,800 रुपयांची फसगत झाली. विकणाऱ्याचं नाव देत नाही, पण माल कसा बनवला होता ते सगळं सांगतो. असा माल पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात मारला जाणारच आहे.

जाहिरात अशी होती: पाचगणीच्या बंगल्यातली, 1930 च्या सुमाराची, सशाच्या फरची इटालियन हॅट, पूर्ण दुरुस्त केलेली. फोटो चार, तीन बाहेरून. आतला एकच, साटीनच्या अस्तरावरच्या सोनेरी छापाचा. पैसे आधी यूपीआयने, माल नंतर कुरिअरने.

हॅट घरी आली आणि घुमटाची घडी बदलायला किटलीची वाफ धरली. चांगल्या फर-फेल्टला वीतभर अंतरावरून थोडा वेळ वाफ मिळाली की ते मऊ पडतं, बोटांनी घडी बसवावी, आणि गार झालं की ती घडी ते धरून ठेवतं. इथे आधी दुधाळ पापुद्रा आला, मग बोटं चिकटायला लागली, शेवटी घुमट ओल्या पापडासारखा खाली बसला. तो ताठपणा फेल्टचा नव्हताच. आतून फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाचा हात दिला होता. हॅटला ताठपणा द्यायचा तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून अगदी पातळ लावतात. पांढरा गोंद वाफ लागली की उघडा पडतो.

बाकीची सगळी लबाडी कपाळपट्टीखाली निघाली. कपाळाला टेकणारी ही आतली पट्टी जुन्या चांगल्या हॅटमध्ये चामड्याची आणि शिवलेली असते. नवी बसवली तरी फेल्टवर जुन्या टाक्यांच्या भोकांची ओळ राहते. इथे पट्टी रेक्झिनची, पिवळ्या रबरी गोंदाने चिकटवलेली, आणि खाली एकही भोक नाही. म्हणजे या हॅटला शिवलेली पट्टी कधी नव्हतीच. दुसरी खूण रंगाची. खऱ्या जुन्या हॅटचं बाहेरचं फेल्ट उन्हाने विटतं आणि पट्टीखाली मूळचा गडद रंग जसाच्या तसा राहतो. इथे उलटं: बाहेर गडद तपकिरी, पट्टीखाली फिकट मातकट. ओला पांढरा रुमाल कडेवरून फिरवला तर बुटाच्या पॉलिशसारखा डाग उतरला.

पट्टीखालून चिमट्याने चार-पाच तंतू काढून जाळले. जळक्या केसांचा वास आला, पण राख चुरली नाही, टोकाला काळा कडक मणी झाला. म्हणजे तंतूंत पॉलिस्टर मिसळलेलं. एक लक्षात ठेवा, नुसती लोकर आणि फर जळताना सारखाच वास येतो, त्यामुळे या चाचणीने फक्त पॉलिस्टर पकडता येतं. लोकर की फर हे पाहायला सराफाकडे असतं तसं दहापट भिंग लागतं. ज्यांनी बुरणूस (थापलेल्या लोकरीची जाड घोंगडी) हातात घेतलाय त्यांना लोकरीचं भरड, कुरळं अंग ओळखता येईल. फर त्याहून बारीक, घट्ट आणि गुळगुळीत बसतं.

मापही खोटं. शिक्का 7⅛ चा. अमेरिकन मापाने ते 57 सेंटीमीटर, इंग्रजी मापाने 58. आतून टेप फिरवली तर 55. रिबीन ग्लू गनने चिकटवलेली, आणि तिच्याखाली कसरीची दोन भोकं तंतूंचा भुगा आणि गोंद भरून बुजवलेली. अंधारात हॅटच्या आत टॉर्च धरला असता तर ती बुजवणी वेगळी दिसली असती.

आणखी एक गोष्ट विकणाऱ्याच्या अज्ञानाची किंवा बेपर्वाईची. पूर्वी फर थापण्याआधी त्यावर पाऱ्याचं विषारी नायट्रेट लावत. अमेरिकेत हे 1941 च्या अखेरीस बंद झालं. म्हणून इतक्या जुन्या खऱ्या हॅटला वाफ द्यायची तर हातमोजे घालून, उघड्या हवेत, वाफ तोंडावर न घेता द्यायची. 1930 सालची म्हणून विकणारा याबद्दल चकार शब्द काढत नसेल, तर त्याला हॅट कळत नाही किंवा ती तेवढी जुनी नाही, एवढं समजून चला.

पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर पट्टी पूर्ण उलटायला सांगा, टेप आतून फिरवायला सांगा, टॉर्च आत धरायला सांगा, रिबिनीचं टोक उचलून टाके दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. ‘पट्टी नाजूक आहे, उलटली तर तडकेल’ असं उत्तर येऊ शकतं. जुनं चामडं खरंच तडकतं, त्यामुळे उत्तर पटण्यासारखं आहे. मग निदान बोटभर भाग हलकेच उचलून दाखवायला सांगा. शिलाई आहे की गोंद, हे तेवढ्यातही कळतं.

या प्रकरणात पैसे अडकले ते वाफेमुळे. तक्रार केल्यावर विकणारा म्हणाला, ‘वाफ तुम्ही दिलीत, हॅट तुम्ही बिघडवलीत.’ आधीचे फोटो नव्हते. म्हणून पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, मग पट्टीखालचा भाग, टेपवरचं माप आणि रुमालावरचा डाग यांचे फोटो घ्या. विकणारा दाद देईपर्यंत किटली पेटवू नका. तो दाद देतच नसेल आणि दुकानदार असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन करा, आणि पैसे घेऊन मालच पाठवला नाही तर लगेच त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला.