किंडलची गवसणी: फोम, वॅडिंग की वाकळ?

मिरजेत तंबोऱ्यावर जी कापडी खोळ चढवतात तिला गवसणी म्हणतात. (लोक आकाशाला घालतात तीच.) सांगलीत राहून किंडलच्या (ई-पुस्तकं वाचायच्या पाटीच्या) खोळीला 'पाऊच' म्हणायला जीभ वळेना, म्हणून ही गवसणीच. घरात आतापर्यंत तीन शिवल्या आणि तिन्हींच्या पोटात वेगवेगळा भराव घातला. पहिलीच शिवत असाल तर वरचं कापड नंतर बघा, आत काय घालायचं ते आधी ठरवा.

फोम दिसायला सगळ्यात देखणा. 5 मिमीची शीट घेतली की गवसणी दुकानातल्यासारखी ताठ उभी राहते. पण शिवताना मशीनचा पाय त्याला चिकटतो, कापड पुढे सरकत नाही आणि टाके एकावर एक बसतात. वर बटर पेपर ठेवून, 16 नंबरची सुई लावून लांब टीप मारली, तेव्हा कुठे जमलं. साधा फोम काही वर्षांनी पिवळा पडतो, त्याची भुकटी होते. अस्तर जरा उसवलं की ती भुकटी चार्जिंगच्या खाचेत.

वॅडिंग, म्हणजे जॅकेटात असतं ते पॉलिएस्टरचं, हलकं असतं, शिवायला सोपं आणि धुतलं की लगेच वाळतं. कापडाला जागोजागी टीप मारून धरलं नाही तर मात्र ते खाली गोळा होतं.

माझा जीव वाकळीत. घरातली एक जुनी वाकळ कडेला विरली होती, मधला भाग मात्र शाबूत. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यावर जवळजवळ घातलेला धावदोरा, त्यामुळे भराव सरकायचा प्रश्नच नाही. एकच काळजी घ्या: थेट कात्री चालवू नका. आखलेल्या रेघेच्या आतून आधी टीप मारा, मग कापा, नाहीतर धावदोरा सुटत जातो. आणि कडेच्या मायेतला, म्हणजे शिवणीसाठी सोडलेल्या जादा पट्टीतला, भराव छाटून टाका. सगळे थर शिवणीत आले तर घरगुती मशीनची सुई मोडते. माझ्या दोन मोडल्या. हाताने शिवणार असाल तर उलटी टीप घाला. वाकळीचा दोष म्हणजे सुती असल्यामुळे ती पाणी पिते. पावसाळ्यात रोज एसटीने जाणाऱ्याने वॅडिंगच घ्यावं, वर छत्रीचं कापड लावावं.

मऊपणाच्या नादात एक गोष्ट सुटते. किंडलचा पडदा पडण्याइतकाच दाबानेही जातो. पिशवीत डब्याचा कोपरा पडद्यावर टेकला की मऊ भराव तिथे दबून जातो आणि काम संपतं. म्हणून भराव कुठलाही असो, पडद्याच्या बाजूला भराव आणि अस्तर यांच्यामध्ये प्लॅस्टिकच्या जुन्या फाइलचा तुकडा घालाच. पुठ्ठा नको, धुताना लगदा होतो.

मापाचं गणित असं. 2021 चा 6.8 इंची किंडल पेपरव्हाइट साधारण 17.4 × 12.5 सेमी, जाडी 8 मिमी. रुंदीला 12.5 अधिक जाडीचे 0.8, सैलपणाला अर्धा आणि दोन्ही बाजूंची माया मिळून 2, म्हणजे 15.8 सेमी. फोम किंवा वाकळ असेल तर आणखी 1 सेमी, वॅडिंगला अर्धा पुरतो. पहिली गवसणी शिवताना मी हा जादाचा सेंटिमीटर विसरले. तिच्यात आता चष्मा राहतो.

वरून खण लावायचा मोह होईल. लावा, पण त्याचे धागे सुटतात, तेव्हा माया दीड सेमी ठेवा आणि मापातही तेवढी वाढ धरा. बंद करायला टिचबटण बरं. चुंबकाचं बटण नको. चुंबक जवळ आला की किंडल झोपतं, दूर गेला की जागं होतं, आणि पिशवीत दिवसभर तोच खेळ चालला तर बॅटरी बसते.