कोऱ्या निगेटिव्हमधून निघालेले आजोबा

आर्वीकडच्या एका घरून आजोबांच्या लग्नाच्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हची कोरी दिसणारी पट्टी एकाने नेली. 'केमिकल मारून फोटो वर आणतो', दर फोटोला ५०० रुपये, तेही आधीच. आठवड्याने चकचकीत प्रिंट हातात पडले. पागोटं होतं, चेहराही होता. फक्त भुवईवरची जखमेची खूण नव्हती आणि कोटाच्या गुंड्या भलत्याच बाजूला होत्या. पट्टी मात्र आधीपेक्षा कोरी होऊन परत आली.

ती कोरी का झाली? त्यावर बहुधा फार्मर रिड्यूसर मारला, म्हणजे पोटॅशियम फेरीसायनाइड आणि हायपो (फिल्म पक्की करायचं रसायन). तो फिल्मवरची चांदी विरघळवतो. जास्त उजेड लागून काळ्याकुट्ट झालेल्या निगेटिव्हला त्याचा उपयोग होतो, पण कमी उजेडाच्या पातळ, म्हणजे फिक्या निगेटिव्हवर तो उरलीसुरली चांदीच खातो. केलेलं मग परत फिरत नाही. जिथे उजेड पोचलाच नाही तिथे चांदी बनलीच नाही, कोणतंही केमिकल ती नंतर बनवत नाही. चेहरा कॉम्प्युटरने रचलेला होता.

पैसे देण्याआधी पट्टी खिडकीशी धरा. ३५ मिमी रोलच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे असतात, ते कारखान्यातच उमटवलेले असतात आणि धुतल्यावर दिसतात. आकडे ठळक पण फोटोची जागा स्वच्छ, तर चूक कॅमेऱ्यात झाली, तिथे काही निघत नाही. आकडेही फिके असतील तर धुण्यात कमी पडलं, थोडी आशा आहे. आकडेच नसतील तर रोल बहुधा डेव्हलपरआधी (चित्र उमटवणाऱ्या रसायनाआधी) हायपोत गेला.

काळी-पांढरी पातळ फिल्म असेल तर काळ्या कापडावर, चमक नसलेली बाजू वर करून, तिरप्या उजेडात पाहा. फिकी चांदी उजळते आणि चित्र निगेटिव्हसारखं न दिसता फोटोसारखं दिसतं. (रंगीत निगेटिव्हमध्ये चांदी नसते, रंग असतात, तिथे हे चालत नाही.) एवढं करूनही काही दिसलं नाही, तर खर्च करू नका.

दिसलं तर स्कॅन करून घ्या आणि १६ बिट, किमान २४०० डीपीआय, टिफ फाइल मागा. ८ बिटात २५६ छटा असतात, पातळ निगेटिव्ह त्यातल्या थोड्याच वापरते आणि फिक्या छटा कॉम्प्युटरवर ताणून गडद केल्यावर आभाळात पट्टे पडतात. काळ्याकुट्टसाठी मागून जोरदार उजेड देऊन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे दोन-तीन फोटो घ्यावे लागतात. सुधारण्याआधीची फाइलही घ्या.

आणि पट्टी देताना कडेचे आकडे पावतीवर लिहून घ्या: २३ए दिली, तर २३एच परत.