लसीची सक्ती पटते, तर वजनाची का नाही?

सार्वजनिक आरोग्यासाठी सरकारने काही सक्तीचं केलं की वाद ठरलेल्या वाटेने जातो. ‘माझं शरीर, माझा निर्णय’ म्हणणारे लसीच्या सक्तीलाही विरोध करतात आणि गोड पेयांवरच्या करालाही. समोरचे दोन्हींचं समर्थन करतात आणि दोन्हीकडे कारण एकच देतात: शेवटी भुर्दंड समाजालाच पडतो. शाळेच्या समितीत, कंपनीच्या मनुष्यबळ विभागात किंवा नुसतं मतदार म्हणून तुम्हाला यात बाजू घ्यायची वेळ आली असेल, तर हे दोन विषय आधी वेगळे करा. एकाला होकार दिला म्हणून दुसऱ्यालाही द्यायलाच हवा, असं नाही. माझं स्वतःचं मत तर दोन्हींबाबत वेगवेगळं आहे.

संसर्गाचा मुद्दा

सक्तीची बाजू सर्वांत भक्कम आहे ती गोवराच्या बाबतीत. कोणाकडेच प्रतिकारशक्ती नसेल, तर गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना लागण देतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रुग्ण इतरांना आजार देत असतो. त्यामुळे ‘आजारी पडलो तर घरी बसेन’ हे आश्वासन कितीही प्रामाणिक असलं, तरी उशिराचं असतं.

साथ थोपवायला सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. उरलेल्या ५ टक्क्यांत मोकळी जागा फारशी नसते. लसीचं वय न झालेली तान्ही बाळं, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारी मुलं, अवयवरोपण झालेले रुग्ण यांनी ती आधीच भरलेली असते. ही लस जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची असते, त्यामुळे यातल्या बहुतेकांना ती देताच येत नाही. धडधाकट मुलाचे आईवडील जेव्हा लस नाकारतात, तेव्हा त्या निवडीची किंमत यांच्यापैकी कोणाला तरी मोजावी लागू शकते.

आता दुसरं पारडं. लसीचा धोका शून्य नाही. गंभीर ॲलर्जी साधारण दहा लाख डोसांमागे एखाद्याला होते. रक्तातल्या प्लेटलेट्स तात्पुरत्या घटण्याचा त्रास ३० ते ४० हजारांत एकाला. गोवर झालेल्या मुलांपैकी मात्र चांगले उपचार मिळूनही हजारात एक ते तीन दगावतात. तरीही सरकारने टोचायला लावलं आणि त्यातून एखाद्याला खरोखर इजा झाली, तर भरपाई सरकारी व्यवस्थेनेच द्यायला हवी. अमेरिकेत १९८६च्या कायद्याने तशी सोय झाली. भरपाईची तरतूद नसलेली सक्ती मला अर्धवट वाटते.

पण सगळ्या लसी गोवराच्या रांगेत बसत नाहीत. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो. तो माणसाकडून माणसाकडे जात नाही. तुम्ही ती लस घेतली नाही, तर शेजाऱ्याचं काहीच बिघडत नाही. तिथे ‘इतरांच्या रक्षणासाठी’ हे कारण चालणार नाही. सक्ती करायचीच, तर ‘मुलाच्या वतीने पालक चुकतात’ हे वेगळं कारण द्यावं लागतं, आणि प्रौढांना तेही लागू होत नाही. कोविडच्या वेळी असाच पेच पडला. लस गंभीर आजारापासून चांगलं रक्षण करत राहिली, पण ओमायक्रॉन आल्यावर प्रसार रोखण्याची तिची ताकद उतरली. ऑस्ट्रियाने सर्व प्रौढांना लस बंधनकारक करणारा कायदा फेब्रुवारी २०२२ मध्ये लागू केला, मार्चमध्ये स्थगित केला आणि त्याच वर्षी गुंडाळला.

सक्ती म्हणजे नेमकं काय

हात धरून सुई टोचणं म्हणजे सक्ती, असं चित्र विरोधक रंगवतात. प्रत्यक्षात ती बहुतेक ठिकाणी दंड किंवा प्रवेशबंदीपुरती असते. अमेरिकेतल्या केंब्रिज गावी देवीच्या साथीत हेनिंग जेकबसन या पाद्रीने लस नाकारली. आपल्याला आणि आपल्या मुलाला आधीच्या लसीचा त्रास झाला होता, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला ५ डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९०५ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. पण प्रकृतीमुळे ज्याला लस अपायकारक ठरेल, त्याच्यावरही ती लादता येईल असा अर्थ काढू नका, असं न्यायालयाने त्याच निकालात बजावलं. निकालाचा हा भाग सक्तीचे समर्थक सोयीस्करपणे गाळतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही असं सांगितलं आणि त्याच वेळी सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालायचा सरकारचा अधिकार मान्य केला.

दंड फार ताणला की उलटतो. इंग्लंडमध्ये १८५३ पासून बाळांना देवीची लस सक्तीची झाली आणि पुढे न टोचणाऱ्या पालकांना त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा पुन्हा दंड होऊ लागला. १८८५ मध्ये लेस्टर शहरात त्याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला आणि १८९८ मध्ये सरकारला तात्त्विक विरोध असलेल्या पालकांना सूट द्यावी लागली. इटलीचा अनुभव मात्र वेगळा. २०१७ मध्ये तिथे सक्तीच्या लसी चारावरून दहा झाल्या आणि गोवराच्या पहिल्या डोसचं प्रमाण तीनेक वर्षांत ८७ टक्क्यांवरून ९४च्या आसपास गेलं. स्वीडनने कसलीही सक्ती न करता ९५च्या वरचा आकडा बराच काळ राखला. थोडक्यात, लोकांचा भरवसा असेल तिथे सक्तीची गरज पडत नाही. भरवसा ढासळला असेल आणि आकडा घसरत असेल, तर ती उपयोगी पडू शकते, पण दंडाचा बडगा बेताने चालवला तरच.

वजनाचं गणित निराळं

२०२२ मध्ये जगात आठातली एक व्यक्ती लठ्ठ होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. प्रश्न लहान नाही. पण माझं वजन तुम्हाला चिकटत नाही. त्यामुळे सक्तीचे समर्थक खर्चाकडे वळतात आणि तिथे ते वाटतात तितके बिनतोड नाहीत. नेदरलँड्समध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात आयुष्यभराचा वैद्यकीय खर्च सर्वांत जास्त निघाला तो निरोगी राहणाऱ्यांचा. ते जास्त जगतात आणि म्हातारपणाचे आजार खर्चीक असतात. शिवाय खर्च हाच निकष धरला, तर गिर्यारोहण आणि मोटारसायकलही त्यात येते. उद्या कोणाची पाळी, हे कोण ठरवणार?

आणखी एक फरक मला निर्णायक वाटतो. लस घेणं हे ठरवून, काही मिनिटांत पार पडणारं काम आहे. ‘वजन उतरवा’ हा हुकूम तसा पाळता येत नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून वजनातल्या फरकाचा ४० ते ७० टक्के वाटा आनुवंशिक असल्याचं दिसतं. जपानने २००८ पासून ४० ते ७४ वयोगटाच्या कंबरेला टेप लावायला सुरुवात केली. मर्यादा पुरुषांना ८५ सेंटिमीटर, स्त्रियांना ९०. ती ओलांडणाऱ्याला दंड नाही, समुपदेशन. आर्थिक बोजा पडायचा तो विमा संस्थांवर. इतक्या सौम्य योजनेचा परिणाम २०२० मध्ये तपासला गेला, तेव्हा पुरुषांचं वजन वर्षभरात सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास घटलेलं निघालं, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तेवढंही टिकलं नव्हतं. एवढ्यासाठी देशभर टेप फिरवायचा?

व्यक्तीऐवजी मालावर बोट ठेवलं की चित्र पालटतं. ब्रिटनने २०१६ मध्ये जाहीर केलं की २०१८ पासून १०० मिलिलीटरमध्ये ५ ग्रॅम किंवा जास्त साखर असलेल्या शीतपेयांवर कर लागेल, ८ ग्रॅमपासून अधिक. दोन वर्षांची ही मुदत मोलाची ठरली. कर सुरू होण्याआधीच कित्येक कंपन्यांनी साखर ५ ग्रॅमच्या खाली आणली. पिणाऱ्याला कोणी काही बजावलं नाही, त्याच्या पेल्यातली साखर मात्र घटली. दहा-अकरा वर्षांच्या मुलींमधल्या लठ्ठपणात पुढे थोडी घट दिसली. त्याच वयाच्या मुलग्यांत नाही. जादू नाही, पण जपानच्या टेपपेक्षा बरं आणि कोणाची अब्रू न काढता.

उलट न्यूयॉर्कमध्ये १६ औंसांपेक्षा (साधारण अर्ध्या लिटरपेक्षा) मोठ्या पेल्यातली गोड पेयं विकायला बंदी ठरली, तिला न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये अमलाच्या आदल्याच दिवशी रोखलं. दोन लहान पेले घ्यायला मोकळीक होतीच, त्यामुळे नियम हास्यास्पदही झाला होता. डेन्मार्कचा चरबीवरचा कर वर्ष-सव्वावर्षात गेला. लोक सीमेपलीकडे जाऊन खरेदी करू लागले होते.

मग होकार कशाला द्यावा

शाळाप्रवेशासाठी गोवराच्या लसीचं प्रमाणपत्र मागणारा प्रस्ताव असेल, वैद्यकीय कारणाने सूट असेल आणि परिसरातलं लसीकरण घसरलेलं असेल, तर मी होकार देईन. सूट फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर ठेवायची की तात्त्विक विरोधालाही, हा खरा अवघड भाग आहे. मी पहिल्या बाजूचा, पण घरी शिकणाऱ्या मुलाला दंड करू नये. कर्मचाऱ्यांच्या वजनावर विम्याचा हप्ता वाढवण्याचा प्रस्ताव सरळ नाकारा. कारखानदारावर कर, पाकिटावर ठळक इशारा, मुलांसाठीच्या जाहिरातींवर बंधन यांना माझी हरकत नाही. मुलांबाबत तर ‘निवड’ हा शब्द वापरणंच धाडसाचं आहे.

वजन उतरवणारी इंजेक्शनं आता आली आहेत. ती स्वस्त झाली की ‘सुई आहे ना, मग घेत का नाहीस?’ असं नोकरी देणारे आणि विमा कंपन्या विचारतील आणि लसीचा दाखला देतील. तेव्हा त्यांना एवढंच विचारा: हे औषध मी घेतलं नाही, तर आजारी कोण पडणार आहे?