रातच्या लाइनीत कोणतं पुस्तक : बारोमास, धग की चकवाचांदण?

यंदाही हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी रातचीच आली. लाइन, म्हणजे शेतातली वीज, आली की मोटर चालू करायची. स्प्रिंकलर फिरायला लागले की पुढचे तीन-साडेतीन तास काही काम नसतं. मग पाइप उचलून दुसऱ्या पट्ट्यात टाकायचे आणि पुन्हा तेवढेच तास बसायचं. या वेळात शेजारच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, माणूस मोबाइल पाहतो, मी पुस्तक वाचतो. कपाळाला बॅटरी, पुढे पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, शेकोटी, आणि रानडुक्कर शिरलंच तर बडवायला पिंपाचं झाकण.

मागच्या आठवड्यात साळ्याचा फोन आला. "भाऊजी, सध्या काय वाचून राह्यले?"

म्हटलं, तीन चालू आहेत.

"तीनही एकाच टायमाले? बरं, मले एकच सांगा. अमरावतीले चाललो, घेऊन येतो. पण मंगच्या खेपेसारखं नका सांगू."

मागच्या खेपेला मी सांगितलेलं पुस्तक त्याच्या घरी टीव्हीच्या पायाखाली आहे. टीव्ही डगमगत होता म्हणे. तेव्हा या वेळी फोनवर घाईने नाव सांगण्यापेक्षा लिहून देतो म्हटलं. त्याच्यासारखा दुसरा कोणी वर्षाकाठी एकच पुस्तक घेणारा असेल तर त्यालाही कामी येईल.

तीन पुस्तकं अशी. सदानंद देशमुखांची 'बारोमास', उद्धव शेळक्यांची 'धग' आणि मारुती चितमपल्लींचं आत्मचरित्र 'चकवाचांदण'. पहिल्या दोन कादंबऱ्या आपल्या वऱ्हाडातल्या आहेत. चितमपल्ली जन्माने सोलापूरचे, पण वनखात्यातल्या नोकरीत त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट असा आपल्याच जंगलांत गेला.

आमच्या घरच्या पुस्तकांना एक खोड आहे, ती आधी सांगतो. जो नेईल त्याने मागच्या कोऱ्या पानावर आपलं नाव आणि कुठवर वाचलं तो आकडा लिहायचा. पुस्तक परत येण्यासाठी काढलेली ही युक्ती. पुस्तकं तरीही येत नाहीत, पण जी येतात त्यांचं मागचं पान कोणत्याही परीक्षणापेक्षा खरं बोलतं.

'बारोमास'च्या मागच्या पानावर माझ्या चुलतभावाने लिहिलंय, "पान ६४. एवढं तं मले पाठ हाय." त्याच्या खाली गावातल्या डी.एड. झालेल्या पोराचं नाव आहे, दोनदा. पहिल्यांदा त्याने पुस्तक दोन रात्रींत संपवलं, आणि चार महिन्यांनी पुन्हा मागून नेलं. दोघंही शेतकऱ्याच्याच घरचे.

कादंबरीचा नायक एकनाथ तनपुरे एम.ए., बी.एड. आहे. मास्तरकी मिळायला पैसे लागतात, ते नाहीत, म्हणून तो शेतीत आहे. बायको अलका नाराज, धाकटा भाऊ मधू शेतीला विटलेला, बाप सुभानराव जमिनीला धरून बसलेला. पेरणीपासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, वर्ष जसं जातं तसं पुस्तक जातं, नावच तसं आहे. २००२ साली आली ही कादंबरी, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. आतले रुपये त्या काळचे आहेत. हिशोब मात्र आजही तसाच लागतो. बियाणं, खत, मजुरी, भाव अशी बेरीज केली की खाली उणे चिन्ह.

मी ती पहिल्यांदा वाचली २०१७ ला, बोंडअळीच्या वर्षी. बोंड उकललं की आत गुलाबी अळी, आणि घरी आलो की हातात हे पुस्तक. कोणीतरी आपलंच पासबुक मोठ्याने वाचून दाखवतंय असं व्हायचं. लोक म्हणतात, तोट्याच्या वर्षी असलं पुस्तक शेतकऱ्याच्या हाती देऊ नये. मला ते पटत नाही. त्या वर्षी घरात कोणी तोंड उघडून बोलत नव्हतं, या पुस्तकात माणसं बोलत होती, भांडत होती, तेवढंही बरं वाटलं. पण एक सांगतो, हे पुस्तक रात्री एकट्याने धुऱ्यावर वाचायचं नाही. मी दोन रात्री वाचून पाहिलं, तिसऱ्या रात्रीपासून दिवसा वाचायला लागलो, दुपारी, घरात माणसं असताना.

चुलतभावाचं म्हणणंही खोटं नाही. ज्याने हे सगळं भोगलंय त्याला पहिल्या शंभर पानांत नवं काही सापडत नाही. पुस्तक तिथवर तुमच्याकडून धीर मागतं. शिकून घरी बसलेल्या पोराला मात्र ते पहिल्या पानापासून पकडतं, कारण त्याच्यासारख्या पोराबद्दल एवढं बारीक दुसरं कोणी लिहिलेलं त्याने वाचलेलं नसतं. घरात असं पोरगं असेल तर 'बारोमास' विकत घ्या, वाचनालयातून आणू नका. ते पुन्हा मागेल.

'धग' १९६० ची. इतकी जुनी म्हणून लोक तिला हात लावत नाहीत, आणि मीही बरीच वर्षं लावला नव्हता. ही कौतिकची गोष्ट आहे. घर शिंप्याचं, नवरा महादेव एका धंद्यावर टिकणारा नाही, त्यामुळे लेकरांसकट सगळं घर तिच्या कष्टावर चालतं. पुढे नवऱ्याला महारोग होतो. यापुढचं सांगत नाही.

हे पुस्तक मी वाचलं कमी आणि वाचून दाखवलं जास्त. झालं असं की एका संध्याकाळी माय सुपात तूर निवडत बसली होती आणि मी शेजारी वाचत होतो. एक संवाद मजेदार वाटला म्हणून मोठ्याने वाचला. मायचा हात थांबला. म्हणे, "कोन बोलली हे?" म्हटलं, पुस्तकातली बाई आहे. "पुस्तकात असं बोलते?" आमची माय चौथीपर्यंत शिकलेली. पुस्तकातली भाषा म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाची भाषा अशी तिची समजूत. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या कागदावर "मले", "तुले" छापलेलं आहे हे तिला खरं वाटेना. चष्मा लावून तिने ओळीवर बोट ठेवून पाहिलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी वाचन ठरलेलं. महादेव आला की माय चिडायची, "थांब, त्याचं पुन्हा वाच, काय म्हने तो मानूस?" आणि मग आमच्या मोठ्या बाबांच्या सासुरवाडीत असा कोणता माणूस होता ते सांगायची. कौतिकबद्दल एवढंच म्हणायची, "लय खपली वो बाई." मला रात्री शेतात पुढचं वाचायची मनाई होती. मी चोरून वाचायचो, आणि संध्याकाळी पुढचं माहीत नसल्यासारखं तोंड करून बसायचो. शेजारची काकू, तिची सून, दळण घेऊन आलेली पोरगी असे ऐकणारे वाढत गेले. मागच्या पानावर यांच्यापैकी कोणाचंच नाव नाही, कारण वाचलं कोणीच नाही, ऐकलं सगळ्यांनी.

इथे दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. दोन्हींत घर आहे, पैसा नाही, आणि एक माणूस ओढत असताना बाकीचे सुटत जातात. 'बारोमास'मध्ये दोष कोणाचा हे दिसतं. भाव, संस्था, लाच, पाऊस, ज्याच्याकडे बोट दाखवायचं तो समोर आहे. वाचून राग येतो आणि राग चालू शकतो. 'धग'मध्ये बोट दाखवायला समोर बाजार नाही, सरकार नाही, घरातलाच माणूस आहे, आणि तोही पुरता वाईट म्हणवत नाही. आमच्या बायांचा महादेववरचा राग त्याच्या आजारपणानंतर कुठे ठेवायचा हेच त्यांना कळेना. मला 'धग' मोठी वाटते ती यामुळे. ती तुमच्या बाजूने बोलत नाही.

भाषेचं म्हणाल तर शेळक्यांचं वऱ्हाडी आमच्या चांदूर रेल्वेकडच्या कानाला घरचं लागतं. देशमुख बुलढाण्याकडचे, त्यांच्या बोलण्याचं वळण जरा वेगळं, पण अडत नाही. शहरात वाढलेल्या पोरांना मात्र दोन्हीकडे सुरुवातीला ठेच लागते, कारण बोली डोळ्याने वाचायची सवय कोणालाच नसते. त्यावर उपाय सोपा आहे. पहिली दहा पानं मोठ्याने वाचा. डोळ्याला न कळलेलं कानाला कळतं.

'चकवाचांदण' या दोघींच्या पंगतीत बसत नाही, आणि म्हणूनच ते रातच्या लाइनीचं पुस्तक आहे. जाडजूड आत्मचरित्र. सोलापूरचं बालपण, कोइमतूरला वनविद्येचं शिक्षण, मग जंगलातली नोकरी. पंचवीस पानं वाचावीत, पाइप बदलावेत, पुन्हा यावं, धागा तुटत नाही. घाईच्या माणसाने मात्र याच्या वाटेला जाऊ नये. झाडांची नावं, पक्ष्यांच्या सवयी, मधेच संस्कृतातलं काही, असं ते संथ चालतं, आणि कथेच्या ओढीने पान उलटणारा माणूस तिथे कंटाळतो. मागच्या पानावर एकच नाव आहे, माझं. पुढे 'पान २१०, पाणी चालू' असं लिहिलंय.

पण चितमपल्लींनी मला जे दिलं ते कादंबऱ्यांनी दिलेलं नाही. आमच्या गावात देवळामागच्या चिंचेवर संध्याकाळी शेकडो कावळे उतरतात. लहानपणापासून पाहतो, त्याला कावळ्यांचा कालवा म्हणतो आणि खाली मोटारसायकल लावत नाही. त्यांच्या लेखनातून कळलं की या मुक्कामाच्या झाडाला शब्द आहे, काकागार. बगळ्या-करकोच्यांच्या वीणवसाहतीला सारंगागार. आता टपरीवर मी 'काकागार' म्हटलं की लोक हसतात, पण दोघं जण तो शब्द वापरायला लागलेत. धुऱ्यावरच्या खांबावर पिंगळा येऊन बसतो, आधीही बसत असेल, मला या हिवाळ्यात दिसला. चितमपल्ली स्वतः २०२५ च्या जूनमध्ये गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती.

आणखी एक नाव ओझरतं. कोणाला एवढं जाड काही नकोच असेल, तर महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' हे नाटक घ्या. वडील गेल्यावर वाड्यात जमलेलं देशपांडे कुटुंब आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर. पाइपाच्या एका पाळीत संपतं. आम्ही चौघांनी पात्रं वाटून वाचलं होतं. ज्याच्या घरी खरोखरच तसा ट्रॅक्टर उभा आहे, त्याने दुसऱ्या अंकात आपलं पात्र दुसऱ्याला दिलं.

पुस्तक आणायचं कुठून, हेही ठरवताना पाहावं लागतं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या सार्वजनिक वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. छोट्या गावातलं बहुधा ड वर्गातलं असतं, म्हणजे एक खोली, वर्तमानपत्रं आणि कुलूप लावलेलं कपाट. तिथे 'धग' सापडायची आशा जास्त, कारण जुनं पुस्तक कपाटातून सहसा कोणी नेत नाही. फक्त वाचनालयाचं पुस्तक शेतात नेऊ नका. मी एकदा नेलं, पहाटेच्या दहिवराने ते पावासारखं फुगलं, आणि मला अनामत सोडावी लागली. ती चूक माझीच. तेव्हापासून शेतात जाणारं पुस्तक खताच्या पिशवीतल्या प्लास्टिकच्या अस्तरात गुंडाळून जातं.

तर साळ्याचं काय? तो शिकलेला आहे, पण बेकार नाही, कापसाची गाडी चालवतो. 'बारोमास' त्याला चुलतभावासारखी चौसष्टाव्या पानावर सोडेल असं मला वाटतं, हिशोब त्याला तोंडपाठ आहेत. 'चकवाचांदण' पुन्हा टीव्हीखाली जाईल. त्याच्या घरी माझ्या सासूबाई आहेत, बायको आहे, सातवीतली पोरगी आहे जिला मोठ्याने वाचायला आवडतं. म्हणून फोन करून सांगितलं, 'धग' घे, आणि स्वतः वाचू नको, पोरीला वाचायला लाव.

तो म्हणाला, "मंग तुमचीच द्या न भाऊजी, विकत कायले घ्याची?"

आमची प्रत सध्या काकूच्या सुनेच्या माहेरी गेलीय. ऐकलेलं आता तिला स्वतः वाचायचं आहे. कधी येईल सांगता येत नाही. विकतच घे म्हटलं.