ऑफसेट सोडून कीसेट: पोस्टग्रेसमधल्या पेजिंगचा वापरानंतरचा अनुभव

म्हापशातल्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याचं बिलिंग आम्ही सांभाळतो. जुन्या बिलांची यादी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, एका पानावर ५० नोंदी. सुरुवातीची पानं झटकन यायची. हिशेब बघणारे काका गेल्या वर्षीच्या बिलांत शिरले की स्क्रीन नुसती गरगरत राहायची. चतुर्थीच्या तोंडावर तर त्यांचा फोन ठरलेला.

इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) होता, तरीही. दुखणं ऑफसेटचं, म्हणजे 'सुरुवातीच्या इतक्या ओळी सोडून पुढच्या दे' या सूचनेचं. ऑफसेट ४००००० दिलं की डेटाबेस थेट तिथे पोचत नाही. तेवढ्या ओळी क्रमाने वाचतो, टाकून देतो आणि मग पुढच्या ५० हातात ठेवतो. एक्सप्लेन अ‍ॅनालाइझमध्ये (डेटाबेसने काम कसं केलं ते दाखवणारी आज्ञा) हे उघडं पडतं: लिमिटपाशी (किती ओळी द्यायच्या ती मर्यादा) ५० ओळी, खाली इंडेक्स स्कॅनपाशी ४०००५०.

पावसाळ्याआधी कीसेट पद्धतीवर आलो, ती अशी: शेवटी दिसलेल्या बिलाची तारीख आणि आयडी जवळ ठेवायचे, पुढच्या क्वेरीत (डेटाबेसकडच्या मागणीत) अट घालायची: (तारीख, आयडी) < (ती तारीख, तो आयडी). ऑर्डर बाय, म्हणजे क्रम, दोन्हींवर उतरता, लिमिट ५०, आणि दोन्ही कॉलम मिळून एकच इंडेक्स. आयडी हवाच, नुसत्या तारखेवर एकाच दिवसाची काही बिलं मधल्यामध्ये गळतात. आता कितीही मागे जा, पान पहिल्याइतकंच चटकन उघडतं. शिवाय काउंटरवर नवीन बिलं फाटत असताना तेच बिल पुढच्या पानावर पुन्हा दिसायचं, तेही थांबलं.

फुकट काही नाही. 'पान ५००० वर जा' हे बटण गेलं. त्याजागी तारखेची चौकट दिली, आणि खरं तर काकांना हवी होती ती तारीखच. मागचं पान आणायला क्रम उलटा करून क्वेरी मारायची आणि आलेल्या ओळी अ‍ॅपमध्ये पुन्हा सुलट्या करायच्या. नाव चढतं आणि तारीख उतरती असा मिश्र क्रम या जोडीच्या अटीत बसत नाही. ती सोय आम्ही सरळ काढून टाकली.

एकूण बिलांचा आकडा मात्र अजून छळतो. पोस्टग्रेसचं काउंट प्रत्येक ओळ आपल्या ट्रान्झॅक्शनला (डेटाबेसमधल्या चालू व्यवहाराला) दिसते का हे तपासत बसतं. पूर्ण यादीसाठी पोस्टग्रेसच्या स्वतःच्या पीजी_क्लास तक्त्यातला रेलटपल्स हा ओळींचा अंदाज 'सुमारे' लावून दाखवतो. एका गिऱ्हाइकापुरता आकडा हवा असेल तर मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

यादी दोन-चार हजारांची असेल तर या भानगडीत पडू नका, ऑफसेट पुरे. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी जोडीची तुलना जशीच्या तशी उचलू नये. तिथे ती इंडेक्स नीट धरेलच असं नाही, अट 'अँड-ऑर'ने उलगडून लिहावी आणि एक्सप्लेन बघूनच लाइव्ह करावी.