वसईच्या मोहिमेवरची पुस्तकं: काही महिने वाचल्यानंतरचा अनुभव

चिमाजी अप्पा म्हटलं की वसई सगळ्यांना आठवते, पण 1737 ते 1739 ची पोर्तुगीजांविरुद्धची ती मोहीम सुरू झाली आपल्या ठाण्यापासून, आणि आज जिथे सेंट्रल जेल आहे तोच तो पोर्तुगीजांचा किल्ला, ज्याचं बांधकामही तेव्हा पूर्ण झालं नव्हतं, हे ठाण्यातल्याच कितीतरी जणांना माहीत नसतं. म्हणून गेले काही महिने मी फक्त या एकाच मोहिमेवरचं वाचतेय, काही पुस्तकं लायब्ररीतून, काही टॅबवर स्कॅन आणि थोडी विकत घेऊन.

सगळ्यात जास्त कामाला आला पेशवे दफ्तरचा, म्हणजे पेशव्यांच्या निवडक कागदपत्रांच्या संग्रहाचा, 16वा खंड. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेल्या 45 खंडांपैकी हा वसई मोहिमेच्या पत्रांचा. पहिले काही दिवस अक्षरशः डोकं फिरतं, कारण वाक्य कुठे संपतं ते कळत नाही, तारखा सगळ्या चंद्राच्या, आणि कोण कुणाला लिहितोय हेच आधी शोधावं लागतं. पण एकदा सवय झाली ना, की मग दुसरं काही वाचवत नाही. माणसं पाठवा, दारूगोळा पाठवा, पैसा पाठवा, हेच पुन्हा पुन्हा येतं आणि मोहीम दोन वर्षं का लांबली ते आपोआप समजत जातं. 1737 च्या शेवटी बाजीराव भोपाळला निजामासमोर उभे होते, म्हणजे फौज दोन्हीकडे लागतेय, वर कोकणातला पावसाळा. अप्पांच्या शौर्याची पानंच्या पानं लिहिणाऱ्या पुस्तकांत ही ओढाताण मला दिसलीच नाही.

पण सुरुवात यापासून करू नका प्लीज. आधी य. न. केळकरांचं ‘वसईची मोहीम’ मिळवा, मोहिमेला 200 वर्षं झाली तेव्हाचं, 1937 चं आहे. अणजूरचे गंगाजी नाईक, शंकराजी केशव फडके, तारापूरला पडलेले बाजी भीवराव, ही सगळी माणसं ओळखीची झाली की पत्रं वाचताना अडत नाही. आणि शेजारी नकाशा पाहिजेच! ठाणे, घोडबंदर, भाईंदरजवळची धारावी, अर्नाळा, वर केळवे-माहीम, तारापूर असा पट्टा डोळ्यासमोर असला की खाडी आणि समुद्र धरल्याशिवाय वसई का पडणार नव्हती ते कळतं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज अडकणाऱ्यांना तर हा भूगोल पाठच आहे.

तारखांबद्दल एक सांगते कारण यात मी बराच वेळ घालवला. एका पुस्तकात वसईचा तह 5 मे 1739 ला, दुसऱ्यात 16 मे ला. दोन्ही बरोबर आहेत. पोर्तुगालने नवं, म्हणजे आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर 1582 मध्येच घेतलं, इंग्रजांनी 1752 मध्ये, आणि आपल्याकडच्या जुन्या अभ्यासकांनी तिथ्या इंग्रजांच्या जुन्या पद्धतीत बदलल्या, म्हणून 11 दिवसांचा फरक. ठाण्याचा हल्लाही असाच कुठे मार्चअखेर सापडतो, कुठे एप्रिलमध्ये. पुस्तकात कुठली पद्धत धरलीय ते सांगितलं असेल तर लेखकावर माझा विश्वास लगेच वाढतो.

पोर्तुगीज बाजूसाठी पिसुर्लेकरांचं ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ घ्या, बिनधास्त. ते स्वतः गोव्याच्या दप्तरखान्याचे प्रमुख होते आणि पुस्तक मराठीत आहे, त्यामुळे पोर्तुगीज भाषा न येणाऱ्या आपल्यासारख्यांना समोरच्यांचे कागद थेट कळतात. दा कुन्हांचं चौल-वसईवरचं 1876 चं इंग्रजी पुस्तक चर्च, तटबंदी यासाठी छान, लढाईसाठी कमी.

विकत घेताना मात्र जपून. ऑनलाइन मागवलेल्या एका जुन्या पुस्तकाच्या रीप्रिंटमध्ये घडीचे नकाशे न उघडताच स्कॅन केले होते, म्हणजे नकाशाच्या जागी कोरा मागचा भाग, आणि विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. मोहिमेच्या पुस्तकात नकाशाच नसेल तर काय उपयोग? आता मी आधी फुकट स्कॅन उघडून बघते, मग पानांचे फोटो मागते, मगच पैसे देते. किल्ल्यांजवळ मिळणाऱ्या छोट्या पुस्तिका मी घेणं बंद केलंय. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ वसईच्या वेढ्यात मराठ्यांनी कबूल केलेला मेलेल्या-जखमींचा आकडा पाच हजारांवर देतो, आणि त्या पुस्तिकांत या माणसांबद्दल एक ओळही नसते, याचा मला खरंच राग येतो.