चार तास गाडी हाणून मॅजिक माउंटनला जावं का? इंडी पासचा एक सीझन वापरून झाल्यावर

डिसेंबर ते मार्च असा २०२४-२५ चा अख्खा सीझन इंडी पास (छोट्या, स्वतंत्र स्की डोंगरांचा मिळून एकच सीझन पास) वापरला, आता बूट गराजमध्ये वाळत पडलेत आणि गुडघे अजून अधूनमधून कुरकुरतात, तर म्हटलं लिहून टाकावं. पासबद्दल थोडं लिहीन पण खरं लिहायचंय ते व्हरमाँटमधल्या मॅजिक माउंटन ह्या स्की डोंगराबद्दल, म्हणजे आमच्यासारख्या लांबच्या पासवाल्यांना तो भुरळ घालतो का ते, कारण आमच्या ऑफिसात, मंडळात, कुणालाच हे नाव माहीत नव्हतं. सांगितलं की लोकांना कॅलिफोर्नियातला रोलरकोस्टरवाला पार्क वाटायचा.

आधी आमची कुंडली सांगतो. राहतो एडिसनला, न्यू जर्सी. मी मूळचा साताऱ्याचा, म्हणजे बर्फाशी संबंध उसाच्या रसापुरता. तीन-चार वर्षांपूर्वी पोरीला शिकवायला म्हणून जवळच्या टेकडीवर नेलं आणि स्वतःच अडकलो. आता मी ब्लू म्हणजे मध्यम अवघड ट्रेल (उतरायची वाट) आरामात करतो, ब्लॅक डायमंडवर, म्हणजे अवघड उतारावर, देवाचं नाव घेत उतरतो. बायको ग्रीनवर, म्हणजे सोप्या ट्रेलवर, खूश, ब्लूवर गेली की माझ्याशी बोलत नाही. पोरगी अकरा वर्षांची, तिला भीती नावाचा प्रकारच दिलेला नाही. हे सगळं सांगतोय कारण मॅजिक आवडेल की नाही हे तुमच्या घरात कोण कसं स्की करतं त्यावरच आहे, बाकी कशावर नाही.

पास का घेतला? आयकॉन आणि एपिक हे मोठमोठ्या रिझॉर्टचे पास. त्या सीझनला विक्री सुरू झाली तेव्हा आयकॉनचा पूर्ण पास १,२४९ डॉलर आणि एपिकचा ९८२ डॉलर. मोठ्या माणसाचा, एकाचा. वर्षातून आठ-नऊ दिवस जाणाऱ्या माणसाने एवढे पैसे मार्चमध्येच भरून ठेवायचे म्हणजे लग्नाचा हॉल मुलगी बघायच्या आधी बुक केल्यासारखं. इंडी साधारण साडेतीनशेच्या आत-बाहेर पडला. त्याचा हिशोब साधा आहे, यादीतल्या प्रत्येक डोंगरावर दोन दिवस, बस. तिसऱ्या दिवशी तिकिटावर पंचवीस टक्के सूट. २०१९ मध्ये १९९ डॉलरला सुरू झाला होता हा पास, चौतीसेक डोंगरांवर, आता यादी एवढी लांबलीये की बघता बघता चहा गार होतो. पण पास ठराविकच विकतात आणि मग विक्री बंद करतात, त्यामुळे "बघू दिवाळीनंतर" म्हणणाऱ्यांना मिळतोच असं नाही.

आता गंमत अशी की साडेतीनशे डॉलर देऊन तुम्ही जे डोंगर विकत घेता ते जवळपास सगळे घरापासून लांब. जवळचं म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं शॉनी, तिथले दोन दिवस डिसेंबरातच संपवले. छान आहे, छोटं आहे, पोरं खूश. मग उरतं काय, तर नकाशा पसरून बसायचं आणि बायकोला पटवायचं.

मॅजिक आमच्या घरापासून सव्वाचार तास, तेही ट्रॅफिक नसेल तर. हार्टफर्ड, स्प्रिंगफिल्ड करत एक्क्याण्णव नंबरच्या हायवेने ब्रॅटलबोरोला यायचं आणि तिथून रूट ३० पकडायचा, नदीच्या कडेकडेने वळणावळणाचा दोन लेनचा रस्ता, रात्री चिटपाखरू नाही. वाटेत जमैका नावाचं गाव लागतं. पुढे लंडनडेरी, ते डोंगराचं गाव, आणि त्याच्या पुढचं गाव पेरू. पोरगी म्हणाली बाबा आपण एका टँकमध्ये तीन देश केले. मी म्हटलं बाळा, बाहेर उणे पंधरा आहे, जमैकात जरा खाली उतरून बघ.

आणि ह्या रस्त्यावरच खरा प्रश्न पडतो. मॅजिकच्या आजूबाजूला कोण कोण बसलंय बघा. एका अंगाला स्ट्रॅटन, तिथे आयकॉन चालतो. वर ओकिमो आणि खाली माउंट स्नो, दोन्ही एपिकवर. सगळं अर्ध्या-पाऊण तासाच्या टप्प्यात. तिकडे झटपट लिफ्ट, रोलर फिरवून इस्त्री केलेले ट्रेल, हॉटेलातून स्की घालून थेट बाहेर. ज्याच्या खिशात आधीच मोठा पास आहे तो माणूस चार तास गाडी चालवून मॅजिकला का वळेल? उत्तर सरळ आहे, वळत नाही. मी पार्किंगमध्ये गाड्यांच्या नंबर प्लेट बघायची सवय लावून घेतली होती, जर्सी आणि न्यूयॉर्कच्या गाड्या होत्या पण ज्यांच्याशी बोलणं झालं ते जवळपास सगळे एकतर इंडीवाले नाहीतर वर्षानुवर्षं इथेच येणारे. रस्ता चुकून आलेला कुणी नाही.

डोंगराचा इतिहासही जरा वेगळाच आहे. हान्स थॉर्नर नावाच्या स्विस माणसाने १९६० मध्ये सुरू केला, त्याला इथे आल्प्सची आठवण आली म्हणे, येत असेल, आम्हाला पण प्रत्येक टेकडीवर सह्याद्री दिसतो. १९९१ ला बंद पडला, १९९७ ला परत उघडला, मग पुढची कित्येक वर्षं आज चालू उद्या काय असं करत ढकलला. २०१६ च्या शेवटाला नवे मालक आले. त्यांनी शेजारच्या स्ट्रॅटनने काढून टाकलेली चार सीटची लिफ्ट विकत आणली, ती उभी करता करता पाच-सहा वर्षं गेली, फेब्रुवारी २०२४ मध्ये एकदाची सुरू झाली. ब्लॅक क्वाड म्हणतात तिला. शेजाऱ्याच्या मुलाची जुनी सायकल रंग देऊन आपल्या पोराला द्यावी तसं, आणि पोराने ती मिरवत गल्लीभर फिरवावी, तसा तिथे लोकांना त्या लिफ्टचा अभिमान आहे. तोपर्यंत शिखरावर जायला दोन सीटची जुनी लाल खुर्ची, रेड चेअर, तेवढीच. ती अजून आहे आणि आजही लोक मुद्दाम तिच्यात बसतात.

पहिली ट्रिप जानेवारीत केली, तिघं. स्पष्ट सांगतो, पहिली ट्रिप फसली, आणि त्यात डोंगराचा दोष कमी, आमचा जास्त. दोन आठवडे बर्फ पडलेला नव्हता, थंडी मात्र कडाक्याची. आता मॅजिक असा डोंगर आहे की त्याची अर्धी गंमत आभाळातून पडणाऱ्या बर्फावर चालते. मशीनचा बर्फ काही ट्रेलवर असतो, पण ज्यासाठी लोक येतात ते अरुंद, वाकडेतिकडे, झाडीतले उतार निसर्गाच्या भरवशावर. त्यात वरचा भाग चांगलाच उभा. उंची म्हणाल तर वरून खाली साधारण १,५०० फूट, आतकरवाडीतून सिंहगड चढायला लागतो त्याहून कमीच, पण उतार सिंहगडासारखा वळसे घेत येत नाही, धाडकन येतो. लाल खुर्चीखालचा रेड लाइन नावाचा ट्रेल वरून बघितला आणि बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी लिफ्टच्या उरलेल्या प्रवासात झाडांचं निरीक्षण केलं.

तिने दोन चकरा मारल्या आणि लॉजमध्ये जाऊन बसली. तिथे बसायला हरकत नाही, उबदार आहे, घरचे डबे उघडून खाणारे बरेच होते त्यामुळे आमचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमधला चहा निवांत झाला. शेजारच्या टेबलवरच्या आजोबांनी चटणी चाखली आणि नंतर बराच वेळ पाणी पीत होते. पण लॉज सोडलं तर करमणूक नाही. स्पा नाही, दुकानांची रांग नाही, कॉफीची तीन-चार ठिकाणं नाहीत. लॉजमध्येच वर एक पब आहे, ब्लॅक लाइन टॅव्हर्न, संध्याकाळी तिथे अख्खं गाव लोटल्यासारखं वाटतं, सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. रात्री ज्या मोटेलात उतरलो (नाव घेत नाही) तिथला हीटर मध्यरात्री गेला, आम्ही तिघं जॅकेट घालून झोपलो. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली तुझा पास तू वापर, मी आणि पोरगी पुढच्या वेळी स्विमिंग पूल असलेल्या ठिकाणी.

एक गोष्ट आधीच माहीत असावी. मॅजिक साधारण गुरुवार ते रविवार चालतं, सुट्टीचा सोमवार असेल तर तोही. आपल्यासारखे लांबचे लोक सोमवार-मंगळवार रजा टाकून गर्दी चुकवायला बघतात, ती युक्ती इथे चालत नाही.

मग फेब्रुवारीत सलग दोन-तीन दिवस बर्फ पडला. बुधवारी रात्री सोलापूरच्या मित्राला फोन केला, तो बोस्टनजवळ राहतो, त्याला अडीच-तीन तासच लागतात. तो म्हणाला "मालक, येतो की." पोरगी हट्टाने सोबत आली, शाळेला काय कळवलं ते विचारू नका.

तो शुक्रवार. डोंगर तोच, लिफ्ट त्याच, पण जानेवारीत जिथे स्की खरखरत होती तिथे आता गुडघ्याएवढा भुसभुशीत बर्फ, पडलं तरी कापसात पडल्यासारखं. टॅलिसमन नावाच्या ट्रेलवरून सकाळी चार चकरा मारल्या, रांग अशी नाहीच, वर गेलं की पुन्हा उतरायचं, पुन्हा वर. दुपारनंतर मित्राने झाडीत घुसवलं, ट्वायलाइट झोन म्हणून भाग आहे तिथे. पहिल्यांदा झाडांमधून स्की करताना माणूस झाडाकडेच बघतो आणि झाडाकडेच जातो, मित्र मागून ओरडत होता "झाडं नको बघूस, मोकळी जागा बघ", हे एवढं एक वाक्य त्या दिवशी शिकलो. पोरगी पुढे निघून गेली होती, खाली पोचलो तर ती दुसऱ्याच कुणाच्या पोरांबरोबर परत लिफ्टच्या दिशेने चाललेली. मोठ्या रिझॉर्टवर मी तिला असं एकटं सोडलं नसतं. इथे सगळे रस्ते शेवटी एकाच लॉजपाशी येतात, हरवायला जागाच नाही.

आणि एक दृश्य फार आवडलं. सकाळी लिफ्ट सुरू व्हायच्या आधी काही मंडळी स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून चालत डोंगर चढतात, पन्नाशी-साठीची सुद्धा. मॅजिकवर अशा चढणाऱ्यांना लिफ्टची एक फेरी फुकट देतात, तू एकदा कष्ट केलेस, एकदा आम्ही वर सोडतो. रविवारी पहाटे अजिंक्यतारा चढून वर घाम पुसत गप्पा मारणारे आमच्या साताऱ्याचे काका लोक आठवले. फक्त इथे खाली उतरायला तीन मिनिटं.

माझे दोन दिवस जानेवारीतच संपलेले होते, त्यामुळे तो शुक्रवार मी सूट लावून का होईना पण खिशातून पैसे देऊन केला. आणि माझ्या मते "लांबच्या पासवाल्यांना हा डोंगर भुरळ घालतो का" याचं उत्तर ह्या एका व्यवहारात आहे. पासने मला इथे आणलं ते चुकीच्या आठवड्यात. फुकट आहे म्हणून गेलो, तारीख महिनाभर आधी ठरवली, बर्फ आहे का बघितलंच नाही. दुसऱ्यांदा बर्फ बघून गेलो आणि पैसे भरून गेलो. पासची यादी बघून डोंगर निवडणाऱ्याला मॅजिक आवडेल याची शक्यता अर्धीच, हवामानाचं ॲप बघून रात्री गाडी काढणाऱ्याला बरीच जास्त. आणि असं रात्रीत निघणं लांबच्या संसारी माणसाला सीझनमध्ये एकदा, फार तर दोनदा जमतं.

तुलनेसाठी, मार्चमध्ये इंडीवरच्याच ‘जे पीक’ (Jay Peak) नावाच्या रिझॉर्टलाही गेलो, व्हरमाँटमध्येच पण कॅनडाच्या बॉर्डरला टेकलेलं, आमच्याकडून साडेसहा-सात तास. तिथे बर्फ मुबलक, ट्रॅम आहे, आणि हो, इनडोअर वॉटर पार्क, म्हणजे बायकोची अट पूर्ण. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या मंडळींना हे नाव ओळखीचं वाटेल, ईबी-५ (पैसे गुंतवून ग्रीन कार्ड मिळवायची योजना) गुंतवणूकदारांच्या पैशाच्या घोटाळ्याचं ते मोठं प्रकरण २०१६ मध्ये बाहेर आलं ते हेच रिझॉर्ट. २०२२ मध्ये नव्या मालकांनी घेतलं. लांब असूनही कुटुंब घेऊन जायचं तर मी ‘जे पीक’च सांगेन. ते एवढं लांब आहे की माणूस चार दिवसांचं ठरवूनच निघतो. मॅजिक अडनिड्या अंतरावर आहे, एका दिवसाला लांब, सुट्टीला छोटं.

पैशाचं बोलायचं तर सात दिवस स्की झालं, पास वसूल. पण पेट्रोल, मोटेल, पोरीचे भाड्याचे बूट, वाटेतला पिझ्झा धरला तर पास हा खर्चातला सगळ्यात छोटा आकडा निघाला, हे एप्रिलमध्ये क्रेडिट कार्डाचं बिल जुळवताना कळलं. एक गोष्ट मात्र पटते, इंडीच्या पैशातला मोठा हिस्सा, पंच्याऐंशी टक्के, डोंगरांना जातो, जेवढे लोक आले त्या हिशोबाने. न्यू हॅम्पशायरमधलं ब्लॅक माउंटन २०२३ मध्ये बंदच पडत होतं, तेव्हा इंडीवाल्यांनीच ते चालवायला घेतलं. म्हणजे माझी ती जानेवारीतली फसलेली ट्रिपसुद्धा मॅजिकच्या खात्यात चार पैसे टाकून आली.

पुढच्या सीझनसाठी माझा आणि पोरीचा इंडी रिन्यू केलाय. बायकोने नाही केला. मॅजिकचे दोन दिवस ह्या वेळी राखून ठेवणार, जोरदार बर्फ पडेपर्यंत हात लावायचा नाही असं पोरीने फ्रिजवर लिहून चिकटवलंय, आणि सोलापूरकराला आत्ताच सांगून ठेवलंय की फेब्रुवारीत रात्री फोन आला तर उचल.